सेलमधली लोकर: पारख, मोजमाप आणि पहिली टोपी

संक्रांत उलटली की लोकरीची दुकानं माल आवरायला लागतात. आपल्याकडे थंडी जेमतेम अडीच-तीन महिने. होळीनंतर लोकरीला गिऱ्हाईक नसतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत माल सांभाळायचा तर जागा अडते. म्हणून उरलीसुरली लोकर टोपल्यांत, पोत्यांत किंवा ‘कुठलाही गुंडा, एकच भाव’ अशा ढिगात येते. पुण्यात तुळशीबागेच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट-भुलेश्वर भागात आणि गावोगावच्या लेस-बटणांच्या दुकानांत हा ढीग दिसतो. नव्याने विणकाम शिकणाऱ्याला तो मोह घालतो, आणि घरी आल्यावर कळतं की पिशवीत सात रंगांचे सात गुंडे आहेत आणि त्यातून एक मोजाही धड होत नाही.

ढिगातली लोकर बहुतेक वेळा चांगलीच असते, फक्त अपुरी असते. एखाद्या शेडचे शेवटचे दोन गुंडे, लेबल निघालेला माल, वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या मालाची, सरमिसळ. म्हणून इथे नेहमीचा क्रम उलटा करायचा. ‘मला स्वेटर विणायचाय, लोकर शोधू’ असं म्हणून जाऊ नका. ढिगात जे मिळेल ते पारखा, तोला, आणि तेवढ्यात काय बसतं ते मग ठरवा. टोपी, मफलर, मोजे, बाळाचं टोपडं, पट्ट्यापट्ट्यांचं दुपटं या वस्तू अपुऱ्या मालाला सांभाळून घेतात. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घेत नाही. त्यासाठी पूर्ण भावाने, एकाच लॉटची लोकर घ्या.

पिशवीत काय न्यायचं

सहा इंची फूटपट्टी, एक पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला चपटा काटा पिशवीत सहज बसतो. दुकानदाराचा काटा बऱ्याचदा पाच किंवा दहा ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि सुट्या गुंड्यांच्या बाबतीत दहा ग्रॅमचा फरक म्हणजे टोपीचा शेंडा राहून जाणं.

दिवसाउजेडी जा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात, दोन लॉटमधला फरक तर अजिबात कळत नाही. गुंडे उचलून दाराशी, उजेडात नेऊन बघा. कुणी हरकत घेत नाही.

हातात घेतल्यावर

लेबल असेल तर तीन गोष्टी वाचा: वजन, शेड नंबर, लॉट नंबर. शेड तीच असली तरी लॉट वेगळा असेल तर रंगकाम वेगवेगळ्या वेळी झालेलं असतं आणि विणल्यावर जिथे गुंडा बदलला तिथे आडवी रेघ उमटते. दोन लॉट घ्यावेच लागले तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या, असं आलटून पालटून विणायचं. फरक पसरतो आणि डोळ्यांना जाणवत नाही.

लेबलवरच्या नावांना भुलू नका. ‘कॅशमिलॉन’ म्हणजे ॲक्रिलिकच. कश्मिरी पश्मिन्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘वूल टच’, ‘वूल फील’ ही नावंसुद्धा कृत्रिम धाग्याचीच असतात. शुद्ध लोकरीची खूण म्हणजे १९६४ पासून चालत आलेली वूलमार्कची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंड्यासारखी आकृती, आणि ती ढिगात क्वचितच दिसते. ॲक्रिलिक म्हणजे वाईट, असंही नाही. महाराष्ट्राच्या थंडीला ते पुरतं, मशिनमध्ये धुता येतं, त्याला कसर लागत नाही, आणि शिकणाऱ्याने चार वेळा उसवून पुन्हा विणलं तरी बहुतेकदा टिकतं.

आता लेबल नसलेला गुंडा. त्याचं बाहेरचं टोक धरून मीटर-दीड मीटर धागा काढा आणि चार गोष्टी करा.

जाडी. धागा फूटपट्टीभोवती शेजारी-शेजारी गुंडाळा. ओढायचा नाही, एकावर एक चढवायचा नाही, मध्ये फटही ठेवायची नाही. एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. १४ च्या आसपास आले तर चार तारी, ११-१२ आले तर डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीची, ८-९ आले तर जाड लोकर. १६ च्या वर गेले तर ती बारीक तीन तारी किंवा त्याहून बारीक. शिकणाऱ्याने डबल निटिंगवर हात बसवावा. चार तारीत टाके दिसतात छान, पण काम संपत नाही आणि धीर सुटतो. बारीक लोकर स्वस्तात मिळालीच तर तिचे दोन पदर एकत्र धरून विणता येतं. दोन तीन-तारी पदर मिळून साधारण डबल निटिंगची जाडी येते.

ताकद. दोन्ही हातांत चार बोटं अंतर ठेवून धागा ताणा. चांगला धागा ताण देतो आणि सहज तुटत नाही. कापसासारखा सुटून येत असेल तर तो आखूड तंतूंचा माल आहे. जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा कातलेला धागा असाच असतो. पानिपतमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं आणि तिथल्या ब्लँकेटांना तो चालतो, हातविणीला नाही. पहिल्या धुण्यातच कोपरांवर विरतो.

गोळे. धागा स्वतःवर दुमडून अंगठा आणि तर्जनीमध्ये वीसेक वेळा जोरात चोळा. लगेच बारीक गोळे धरले तर तसेच गोळे स्वेटरच्या काखेत आणि टोपीच्या कडेला धरणार. मफलरला हे कसंबसं चालवून घेता येतं.

रंग. रुमालाचं टोक ओलं करून त्यात धागा दाबून ओढा. लाल, काळा, जांभळा आणि शाईसारखा निळा हे चार रंग हमखास तपासा. रुमालावर ठसा उमटला तर ती लोकर पांढऱ्याबरोबर पट्ट्यांत वापरायची नाही. मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं. तयार रंगवलेल्या ॲक्रिलिकवर त्याने काही होत नाही. जास्तीचा रंग निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं, हा एकच उपाय आहे.

शेवटी गुंडा नाकाशी न्या. कुबट वास म्हणजे माल दमट जागी पडून होता. वास धुतल्यावर जातो, पण काळे-हिरवे ठिपके असतील तर ठेवून द्या. आषाढाच्या सेलमध्ये हे जास्त बघावं लागतं. डांबरगोळ्यांचा वास तितका वाईट नाही, चार दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवला की उतरतो. खऱ्या लोकरीच्या गुंड्यात मात्र ठिकठिकाणी तुटलेली टोकं, वाळूसारखे कण किंवा पांढरं जाळं दिसलं तर ती कसर आहे. असा गुंडा फुकट मिळाला तरी नको, कारण तो घरातल्या बाकीच्या लोकरीत कसर सोडतो. संशय असेल आणि तरी हवाच असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून एक दिवस तसाच राहू द्या, आणि पुन्हा आठवडाभर ठेवा.

तंतू कोणता आहे ते जाळून कळतं, पण हे घरी करायचं, दुकानात नाही. आधी एकच गुंडा आणा. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलचं ताट, शेजारी पाणी, ओढणी-पदर बाजूला. ॲक्रिलिक भुरकन पेटतं, वितळतं, आणि गार झाल्यावर काळा कडक मणी उरतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून बोटात धरायचं नाही. खरी लोकर सावकाश जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळतं. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकदम दिसतात. अशा वेळी धुण्याच्या बाबतीत ती लोकर समजून वागा, म्हणजे नुकसान होत नाही.

भावाचं गणित

गुंडे २५, ५० आणि १०० ग्रॅमचे असतात, आणि ढिगात तिन्ही मिसळलेले असतात. ‘एक गुंडा अमुक रुपये’ ऐकून भाव समजत नाही. काट्यावर ठेवा, किमतीला ग्रॅमने भागा, १०० ने गुणा. त्याच दुकानातल्या नव्या मालाच्या १०० ग्रॅमच्या भावाशी ताडून बघा. फरक निम्म्याच्या आसपास नसेल तर नवा माल घ्या, तिथे निदान हवा तेवढा एकाच लॉटचा मिळतो आणि बरेच दुकानदार न उघडलेला गुंडा परतही घेतात. गुंड्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असेल तर तिचे पाच-सात ग्रॅम वजा करा. घासाघीस करायची असेल तर एकेका गुंड्यावर नको. एका शेडचे असतील तेवढे सगळे उचला आणि मग बोला. तुटकी शेड संपते म्हटल्यावर दुकानदारही सोडून देतो.

जुना स्वेटर उसवून लोकर

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, किंवा कुठल्याही शहरातल्या जुन्या कपड्यांच्या गाड्यांवर, उत्तम लोकरीचे स्वेटर गुंड्याच्या किमतीत मिळून जातात. मोठ्या मापाच्या एका स्वेटरमध्ये ३५०-४०० ग्रॅम लोकर असते, तीही एकाच लॉटची. सेलमध्ये जे मिळत नाही नेमकं तेच. पण बरेचसे स्वेटर उसवतच नाहीत, आणि ते आधी ओळखता आलं पाहिजे.

स्वेटर उलटा करा आणि बगलेतली शिवण बघा. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉकचा जाळीदार दोरा असेल आणि विणलेलं कापड कात्रीने कापल्यासारखं दिसत असेल, तर तो ठेवून द्या. तो थानातून कापून शिवलाय. उसवायला गेलात की प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा निघतो. हवा तो असा: शिवणीच्या दोन्ही बाजूंना विणीची अखंड, गुळगुळीत कड आहे आणि बाह्या-पाठ-पुढा असे आकार देऊन विणलेले भाग साखळीच्या टाक्याने जोडलेत. बाहीच्या खांद्याजवळ घटवलेल्या टाक्यांच्या तिरप्या खुणा दिसल्या तर तो बहुतेक याच जातीचा.

दुसरी अट म्हणजे वीण मोकळी दिसली पाहिजे. गरम पाण्यात धुऊन आटलेली, नमद्यासारखी घट्ट झालेली लोकर उसवत नाही, कारण तंतू एकमेकांत कायमचे अडकलेले असतात. केसाळ मोहेर आणि गाठीगाठींचे धागेही टाळा. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मिळणारा नवा स्वेटर उसवण्यात अर्थ नाही, तो घालायला घ्यावा.

घरी आणल्यावर आधी धुवा, मग उसवा. बटणं, चेन, लेबल काढा. शिवण उसवताना साखळीच्या टाक्याचं बरोबर टोक सापडलं तर सगळी शिवण एका ओढीत सुटते. एका टोकाकडून सुटत नसेल तर दुसऱ्या टोकाकडून बघा. शिवणीचा दोरा आणि विणीचा धागा एकाच रंगाचे असतात, तेव्हा कात्री जपून चालवा. इथे चुकीचा एक धागा कापला की लोकरीला गाठ आली. गळ्याची पट्टी आणि बाह्या सुट्या झाल्या की प्रत्येक भाग वरून खाली उसवायचा. स्वेटर खालच्या बॉर्डरपासून वर विणलेला असतो आणि शेवटची ओळ सगळ्यात आधी सुटते. खालून सुरू केलंत तर प्रत्येक ओळीच्या टोकाला धागा अडकत राहील.

सुटलेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा आणि लडी करा. थेट गुंडा करू नका, धाग्यातल्या वळ्या तशाच राहतात आणि नव्या विणीत टाके वेडेवाकडे येतात. लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, दोरा लडीच्या मधून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवून. हे बांधणं टाळलंत तर धुतल्यावर लडीचा जो गुंता होतो तो सोडवायला विणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कोमट पाणी, रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा पातळ साबण, अर्धा तास भिजत. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत काठीवर टांगा. खऱ्या लोकरीच्या लडीला खाली हलकं वजन लावलं, समजा ओला नॅपकिन, तर वळ्या सुटतात. ॲक्रिलिकला वजन लावू नका आणि वाफेची इस्त्री तर मुळीच जवळ आणू नका. उष्णतेने त्याचा ताण कायमचा जातो आणि धागा मेल्यासारखा लोंबतो. त्याच्या वळ्या थोड्या राहिल्या तरी विणून एकदा धुतल्यावर बऱ्याचशा बसतात.

किती लागेल

ढोबळ आकडे डबल निटिंगचे: मोठ्या माणसाची टोपी ५० ते ६० ग्रॅम, मफलर १२५ ते १५० ग्रॅम, बायकांचा पूर्ण स्वेटर ४०० ते ५०० ग्रॅम. तान्ह्या बाळाचा चार तारीतला स्वेटर १०० ते १२० ग्रॅम. ॲक्रिलिक हलकं असल्याने तेवढ्याच वजनात धागा जास्त लांब भरतो, खऱ्या लोकरीला वरचा आकडा धरा.

पण ढिगातल्या निनावी लोकरीला ढोबळ आकडा पुरत नाही. नमुना विणून तोलायचा. १५ सेंमी बाय १५ सेंमीचा तुकडा विणा. त्याचं क्षेत्रफळ २२५ चौ. सेंमी. समजा तो ९ ग्रॅम भरला. मफलर १८ सेंमी रुंद आणि १५० सेंमी लांब हवा, म्हणजे २७०० चौ. सेंमी, नमुन्याच्या बारा पट. १२ गुणिले ९ म्हणजे १०८ ग्रॅम. जोड, टोकं, आणि हात सैल-घट्ट होण्यासाठी १५ टक्के वाढवा: साधारण १२५ ग्रॅम. काट्यावर लोकर ११० च भरली तर मफलर १६ सेंमी रुंद आणि १४५ लांब करा, किंवा दोन्ही टोकांना दुसऱ्या रंगाचे रुंद पट्टे घाला. उरलेल्या लोकरीकडे बघून ‘पुरेल बहुतेक’ म्हणायचं नाही. ती दिसते त्यापेक्षा नेहमी कमी असते.

सुया

आपल्याकडे सुयांना जुने इंग्रजी नंबर चालतात आणि ते उलटे आहेत, नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५ मिमी. जाडीकडे गेलं तर ७ नंबर ४.५ आणि ६ नंबर ५ मिमी. परदेशी नमुन्यातला ‘८’ मिमी की अमेरिकन नंबर ते पाहूनच सुई घ्या, कारण अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी.

सेलमधल्या सुट्या सुया काचेच्या टेबलावर लोळवून बघा. वाकलेली सुई डुगडुगते. टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर धागाही अडकणार. बारीक खरखर असेल तर नखाच्या घासणीने जाते. नंबर पुसलेल्या दोन सुया जोडी म्हणून घेताना टोकं जुळवून शेजारी धरा, ८ आणि ९ ची जोडी सर्रास विकली जाते. शिकताना ॲल्युमिनिअमची गार, घसरट सुई त्रास देते. प्लास्टिक किंवा बांबूची टाके धरून ठेवते.

टोपी

डबल निटिंग ६० ग्रॅम, नमुन्यासाठी वेगळी १० ग्रॅम. ८ आणि १० नंबरच्या सुयांची एकेक जोडी. सुलट आणि उलट हे दोन टाके पुरतात.

सुलट टाक्यात धागा कामाच्या मागे असतो. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला, धागा उजव्या सुईच्या टोकावरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घ्या, तो वेढा टाक्यातून पुढे ओढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. उलट टाक्यात धागा पुढे असतो, सुई मागून पुढे येते, वेढा तसाच, आणि तो मागच्या बाजूला ढकलायचा.

आधी नमुना. ८ नंबरवर ३४ टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं १५ सेंमी विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या १० सेंमीत टाके मोजा. २२ आले तर पुढचे आकडे जसेच्या तसे वापरा. २० आले तर तुमचा हात सैल आहे किंवा लोकर जाड आहे, २४ आले तर उलट. टाके असे काढा: डोक्याच्या घेरातून ७ सेंमी वजा करा, उरलेल्याला दर सेंमीच्या टाक्यांनी गुणा, १२ च्या पाढ्यातला जवळचा आकडा घ्या आणि शिवणीसाठी २ मिळवा. ५६ सेंमी डोकं, ४९ गुणिले २.२ म्हणजे १०८, अधिक २, एकूण ११०. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ९८ टाके होतात.

टाके घालायला दोन मीटरभर धागा मोकळा सोडून सुरुवात करा. दोन १० नंबरच्या सुया एकत्र धरून त्यांच्यावर ११० टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. शिकणाऱ्याचे पहिले टाके हमखास घट्ट पडतात आणि कपाळावर टोपीचा वळ उठतो. दोन सुयांमुळे ते होत नाही.

बॉर्डर १० नंबरवर. पहिली ओळ २ सुलट, २ उलट, शेवटी २ सुलट. दुसरी ओळ २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. या दोन ओळी ५ सेंमीपर्यंत. इथेच सगळ्यात जास्त टाके ‘आपोआप’ वाढतात. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि परत येताना मागे न्यायचा असतो. तो सुईवरून आणला की एक जादा वेढा पडतो, आणि पुढच्या ओळीत तोच टाका म्हणून विणला जातो. दर चार ओळींनी टाके मोजा. ओळीच्या सुरुवातीला धागा वर ओढला तरी पहिला टाका दोन असल्यासारखा दिसतो, तो एकच असतो.

मग ८ नंबरच्या सुयांवर जा. सुलट बाजूने सगळे सुलट, उलट बाजूने सगळे उलट, सुरुवातीपासून १४ सेंमी होईपर्यंत. कडा आत वळतील, वळू द्या. ते या विणीचं वळणच आहे आणि शिवणीत दडतं. गुंडा संपला तर ओळीच्या सुरुवातीलाच नवा जोडा, दोन्हीकडे १५ सेंमी टोकं सोडा आणि मध्ये गाठ मारू नका. गिरणीतल्या गाठीही सोडवून कडेला न्या. गाठ पुढच्या बाजूला कधी ना कधी डोकं वर काढतेच.

आता घट, म्हणजे टाके कमी करणं. सुलट बाजूने: १ सुलट, मग (१० सुलट, २ टाके एकत्र सुलट) हे ९ वेळा (मुलाच्या ९८ टाक्यांना ८ वेळा), शेवटी १ सुलट. टाके १०१. पुढची ओळ सगळी उलट. पुढच्या सुलट ओळीत कंसात १० च्या जागी ९, म्हणजे ९२ टाके. मग ८, ७, ६ असं एकेक कमी करत जा, मध्ये दर वेळी एक उलट ओळ. कंसात १ सुलट राहील त्या ओळीनंतर २० टाके उरतात. एक उलट ओळ विणा, मग १ सुलट, ९ वेळा २ एकत्र, १ सुलट. उरले ११. दर घटीच्या ओळीनंतर ९ टाके कमी झाले पाहिजेत. आकडा चुकला तर तीच ओळ उसवा, पुढच्या ओळीत जुळवायला जाऊ नका, वरची चांदणी तिरकी जाते.

६० सेंमी धागा ठेवून कापा, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवा, ११ टाक्यांमधून दोनदा फिरवा आणि ओढून बंद करा. त्याच धाग्याने मागची शिवण. सुलट बाजू वर ठेवा, कडेचा पहिला टाका सोडून त्याच्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधली धाग्याची आडवी काडी उचला, मग समोरच्या बाजूची तशीच काडी. पाच सेंमी झालं की हलकेच ओढा, कडा आत जातात आणि शिवण दिसेनाशी होते.

बाळंतविड्यात टोपडं द्यायचं असेल तर ७४ टाके, बॉर्डर ३ सेंमी, ८ सेंमीवर घट सुरू आणि कंस ९ ऐवजी ६ वेळा. त्याला चमकीचा, केसाळ किंवा रंग सोडणारा धागा नको, गोंडाही नको. बाळ ओढून तोंडात घालतं. धनगरी घोंगडीची दख्खनी लोकर कुणी कौतुकाने दिली तर ती आसनाला वापरा, बाळाच्या कपाळाला टोचते.

ओळीत खाली टाका निसटला तर घाबरून सगळं सुईवरून काढू नका. सुलट बाजू समोर ठेवा, क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात पुढून घाला, त्याच्या वरची आडवी काडी पकडून टाक्यातून बाहेर ओढा. अशा जितक्या काड्या दिसतात तितक्यांदा करत वर या आणि टाका डाव्या सुईवर चढवा. एखादी काडी सुटली तर तिथे जिना मोडल्यासारखी फट दिसते, पुन्हा खाली सोडून वर या.

धुताना कोमट पाणी, टॉवेलमध्ये दाबून, आडवी पसरून वाळवा. ओली टोपी दोरीवर टांगली की ॲक्रिलिक स्वतःच्या वजनाने लांब होतं आणि बॉर्डर सैल पडते. सैल झालीच असेल तर बॉर्डरच्या आतून, उलट टाक्यांच्या खळग्यांत, बारीक इलॅस्टिकचा दोरा दोन ओळींतून ओवून घ्या. घट्ट झाली असेल तर शिवण सोडवून मध्ये २ सुलट, २ उलट अशी तीन बोटं रुंद पट्टी जोडता येते. उरलेल्या लोकरीच्या पिशवीत चिठ्ठी टाकायला विसरू नका: कुठली सुई, १० सेंमीत किती टाके, शिल्लक किती ग्रॅम.